कोंडामावशीची जीभ

कोंडामावशीचं खरं नाव भातगिरणीत कुणालाच ठाऊक नव्हतं. घरामागच्या खुराड्यात तिच्या साठेक अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या, आणि त्यांच्यासाठी ती गिरणीतून कोंडा आणि कणी न्यायची. लोक तांदूळ न्यायचे, ही मागे उरलेलं न्यायची, आणि वर गिरणीवाल्यालाच ऐकवायची की खरा माल मीच नेते. त्यात शिंपल्यांची पूड मिसळली की झालं कोंबड्यांचं जेवण.

पण मावशीला कोंडा विकणं हे काही सोपं काम नव्हतं. कोंड्यात तेल असतं. चार दिवस पडून राहिला की तो खवट होतो, आणि खवट कोंड्याकडे तिच्या कोंबड्या ढुंकूनही बघत नसत. म्हणून मावशी प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, तळातली चिमूट जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटायची. तेवढा वेळ गिरणीवाल्याचा जीव टांगणीला. मावशीचं तोंड वाकडं झालं की पोतं परत, त्यावर अपील नाही.

मग एका सर्दीने घात केला. सर्दी गेली, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेली. मावशीने कुणाला पत्ता लागू दिला नाही. मुलगा आधीच तयार खाद्याची पोती आणू म्हणून मागे लागला होता, आणि तिच्या मनात एकच धास्ती बसली: कोंडा निवडायचं काम गेलं, तर या घरात आपण नुसती बसून खाणारी म्हातारी. तेव्हा ती पूर्वीसारखीच गिरणीत जायची, डोळे मिटायची आणि अंदाजपंचे दाहोदरसे मान हलवायची. गिरणीवाला खूश. मावशी अलीकडे मऊ पडल्यात, असं तो येईल त्याला सांगत होता.

कोंबड्यांना मात्र फसवता येईना. त्यांनी खाद्य पायांनी उकरून बाहेर उडवलं, आणि अंड्यांची टोपली अर्धीच भरू लागली. मावशीने आधी हवेला दोष दिला, मग शेजारच्या मांजराला. मुलगा म्हणाला, आता पुढच्या खेपेला तयार खाद्यच. सून मात्र गिरणीत जायच्या दिवशी चपला घालून दारात उभी राहिली. पोतं धरायला येते म्हणाली.

गिरणीत मावशीने चिमूट जिभेवर ठेवली. ती मान हलवणार, तोच सुनेनेही चिमूटभर कोंडा तोंडात टाकला आणि हळूच तिच्या पायावर पाय दिला. मावशीने तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने तोंड वाकडं केलं. गिरणीवाला पुटपुटत दुसरं पोतं आणायला आत गेला.

"तुला कधी कळलं?" मावशीने विचारलं.

"मागच्या आठवड्यात मी चहात साखर घालायला विसरले होते, आई. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तुम्ही म्हणालात, आज चहा छान झालाय."

मावशीला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळेही भरले. "मग घरात बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

गिरणीवाल्याने दुसरं पोतं आणून ठेवलं. मावशीने कोपरापर्यंत हात घातला, तळातली चिमूट काढली आणि त्याच्यादेखत सुनेच्या तळहातावर ठेवली.

"माझी चव गेलीय, भाऊ," ती म्हणाली. "आता चाखायचं काम हिचं. ही नाही म्हणाली की नाही."

गिरणीवाल्याने कपाळाला हात लावला. एक होती तीच भारी होती, आता दुसरीही तयार झाली. सुनेने मात्र घाई केली नाही. नीट चघळून ती म्हणाली, "ताजा आहे."

मावशीने पुन्हा विचारलं नाही. तिने दोरी घेतली आणि पोत्याचं तोंड बांधायला लागली.