काकांना आत सोडू नका

नाना न्हाणीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आधी भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, "रोजच्या काही गोळ्या? व्यसन?"

नानांनी तोंड उघडायच्या आत मीच बोललो, "सुपारीचं खांडसुद्धा नाही. आमचे वडील चर्चच्या मंडळीचे पंच आहेत."

नानांनी डोळे मिटले. दुखतंय म्हणून मिटले, असं मी धरून चाललो. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कॅप्सूलच्या रिकाम्या पट्ट्या मी अनेकदा पाहिल्या होत्या, आणि दर वेळी डिकी मुकाट्यानं बंद केली होती.

ऑपरेशन नीट झालं. लगेच वॉकर धरून उभं करायचं होतं, कारण पडून राहिलं की छाती भरते. पण इंजेक्शन देऊनही नानांचं कण्हणं थांबेना. नर्स पुरतं औषध देत नाही, असा मला संशय आला. मी सिरिंजवर नजर रोखून बसायचो. एकदा ती म्हणाली, "दादा, तुम्हीच टोचता का?"

मग संशय काकांवर गेला. काका म्हणजे नागापूरच्या कारखान्यात नानांबरोबर प्रेस मशिनवर काम केलेले दोस्त. रोज संध्याकाळी यायचे, "जरा प्रार्थना करतो" म्हणत पलंगाभोवतीचा पडदा ओढून घ्यायचे. चर्चची पायरी कधी न चढलेला माणूस कसली प्रार्थना करणार? पण ते गेले की नाना शांत असायचे. नानांच्या प्लॉटच्या कागदावर सही तर घेत नसतील? मी वॉचमनला सांगून टाकलं, त्यांना आत सोडू नका.

त्यानंतर नाना बिघडले. घाम, जांभया, नाकातून पाणी, पोटात कळा. उभं राहायचं नाव काढलं की पलंगाची दांडी घट्ट धरायचे.

काका गेटवरच बसून होते. मी त्यांना गाठलं, "कशावर सही घेत होतात?"

"सही? आरं, तुझ्या बापाची सही घिऊन मी काय करू? घरात तर तू बसलाय." त्यांनी मूठ उघडली. तळहातावर डिकीतल्या पट्ट्यांतली असायची तसलीच कॅप्सूल होती. "डबल ड्युटीला पाठ टिकावी म्हनून आमी दोघं घ्यायचो. माझी सुटली, त्यांची न्हाई सुटली. तुला सांगू नको म्हनले. तू लई मोठा मानतोस ना त्यांना."

मी तिथूनच डॉक्टरांकडे गेलो. ते ओरडले नाहीत. "असल्या वेदनाशामक गोळीची सवय लागलेल्या शरीराला नेहमीचा डोस पुरत नाही," ते म्हणाले, "आणि गोळी एकदम तुटली की हे असं होतं. आधी कळलं असतं तर औषध तसंच आखलं असतं." त्यांनी औषध बदललं, पण तोवर छाती भरली होती. ज्या दिवसांत चालायला लागायचं, ते दिवस नानांनी ऑक्सिजनवर काढले.

आता घरी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे गोळी हळूहळू कमी करतोय. मी दिली की नाना ती उजेडात धरून उलटसुलट बघतात. "हीच का? का दुसरंच काही देतोस?" त्यांना माझा भरवसा वाटत नाही, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

म्हणून आता गोळ्या काकांकडे असतात. त्यांच्या हातची गोळी नाना निमूट गिळतात आणि थोड्या वेळानं वॉकर धरून उठतात. एका बाजूला काका असतात. मी खुर्ची घेऊन मागून चालतो; दारापुढच्या ओट्यापाशी पोचेपर्यंत नानांना ती लागतेच.