चिंचेने घासलेलं पितळ

अमेरिकेत लेकीकडे आले होते. जावई लॅपटॉपवर पितळ साफ करायचं यंत्र निवडत होते. बंदुकीतून झाडलेल्या गोळ्यांची रिकामी पितळी नळकांडी साफ करून ते शिकारीसाठी घरीच त्यांत पुन्हा दारू भरतात. "आई, अक्रोडाच्या भुशात घोळवणारं घेऊ, की पाण्यात फिरवणारं?" मला त्यातलं काय कळणार? पितळ चिंचेने लख्ख होतं, एवढंच म्हणाले.

"मग दाखवाच," म्हणत त्यांनी मूठभर नळकांडी पुढ्यात ठेवली. देवाची उपकरणी घासते तशीच घासली, पुसून उन्हात मांडली. लेकीच्या समईइतकीच ती झळाळत होती. सवयीने माझं बोट कुंकवाच्या डबीत गेलं आणि नळकांड्यांवर येऊन थबकलं. जावई कौतुकाने बघत होते. बोटावरचं कुंकू आता कुठे पुसावं, ते मला कळेना.