तेक्लानं न केलेली सही

मेक्सिकोतल्या तोलुकाच्या विमानतळावर बड्या लोकांची खासगी जेट विमानं ठेवायची आमची शेड. मी तिथं विमानं ढकलायचा ट्रॅक्टर चालवायचो आणि डोन्या तेक्ला, म्हणजे तेक्लाबाई, पंखाबरोबर चालायची. विमान हलवताना ड्रायव्हरला पंखांची टोकं नीट दिसत नाहीत, म्हणून दोन्ही टोकांना आणि शेपटीला एकेक माणूस लागतो. कुणीही शिट्टी मारली की ट्रॅक्टर जागच्या जागी थांबवायचा, असा नियम.

तेक्ला आधी झाडूवाली. झाडता झाडता ओरडून तिनं दोनदा विमानाचा पंख खांबावर आपटण्यापासून वाचवला, म्हणून तिला या कामावर घेतलं. पन्नाशीची, बुटकी, तोंडाची फटकळ. मी जोरात निघालो की म्हणायची, "हळू रे एवारिस्तो, बायकोनं हाक मारल्यासारखा कुठं पळतोस?"

त्या मे महिन्यात एका दुपारी नेवादोच्या डोंगरावरून काळे ढग उतरले. गारा येणार हे दिसत होतं आणि एक विमान अजून उघड्यावर होतं. शेपटीचा माणूस रजेवर. उजव्या पंखाचा क्रिसोफोरो शेडचं अडकलेलं दार सरकवायला गेलेला. तेक्लानं मुकादम बारागानांना सांगितलं, उजवीकडे कुणी नाही, थांबू या. ते म्हणाले, गारांनी विमान चेपलं तर मालकाला तोंड तू देणार का? आणि आत उभं राहून मला हातानं 'ये, ये' करू लागले.

मी विमान मागं ढकलायला लागलो. पत्र्यावर पहिल्या गारा वाजल्या, तेवढ्यात तेक्लाची शिट्टी झाली.

पुढं मी सगळ्यांना सांगितलं, गारांच्या आवाजात ऐकू आली नाही. आली होती. बारागानांचा हात हलत होता, म्हणून मी आणखी ढकललं. क्रिसोफोरो पाठमोरा होता. पंखाचं टोक आणि दाराचा खांब यांच्यामध्ये तो चिरडला. इस्पितळात पोचायच्या आधीच गेला.

तिसऱ्या दिवशी बारागानांनी आम्हाला कचेरीत बोलावलं. कागदावर लिहिलं होतं की मयत स्वतःच आडवा आला, शिट्टी कुणी मारली नाही. मी सही केली. तेक्लानं तो कागद मोठ्यानं वाचून घेतला आणि पेन टेबलावर ठेवलं.

"डोन्या, पोटाचा विचार करा," बारागान म्हणाले.

"तोच करतेय," ती म्हणाली. "खाल्लेलं पोटात राहायला हवं."

तिच्या हाती पुन्हा झाडू आला. पण विमान हलायला लागलं की ती झाडू टेकवून मोकळ्या टोकाला जाऊन उभी राहायची. बारागान खेकसायचे, ती हलायची नाही.

मी अकरा महिने काढले. मग कामगार कचेरीत जाऊन खरं ते लिहून दिलं. बारागानांना काढलं, मलाही. तेक्लाला पंखावर परत घेतलं आणि आता तिघं असल्याशिवाय विमान हलत नाही.

क्रिसोफोरोची बायको दोमितिला तोवर माहेरी गेली होती. मी एकटा तिथं गेलो नसतो. तेक्ला सोबत आली. दोमितिलानं दारातच सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिट्टीनंतर थांबायला वेळ होता?"

"होता," मी म्हणालो.

ती आत गेली. परतीच्या बसमध्ये तेक्लानं मक्याच्या पानात उकडलेला एक तमाल काढून अर्धा मला खायला दिला. धीराचा एक शब्द बोलली नाही.