वारा सरला, असं मी सांगितलं

हे मी आजवर कुणालाच बोललेले नाही — नवऱ्यालाही नाही. एवढं काय त्यात, असं वाटेल तुम्हाला. ऐका तर.

माझे सासरे, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पनवेलजवळच्या कोन गावचे. मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि पनवेलच्या एका हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. आख्खं पोट फाडणार या धास्तीने निम्मे झालेले दादा, चार बारीक छेदांवर, दुसऱ्याच दिवशी भिंत धरून चालले. फक्त वारा सरेपर्यंत तोंडात काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आतडं जागं झाल्याची खूण तीच.

सिस्टर आली तेव्हा दादांचा डोळा लागला होता. म्हणाली, उठले की विचारून ठेवा. विचारून ठेवा — सासऱ्यांना? पंधरा वर्षांत मी त्यांच्यापुढे पाय पसरून बसलेले नाही. ते उठले. मी उशी सारखी केली, चादर सारखी केली. विचारलं नाही. सिस्टर परत आली.

"झाला का गॅस पास?"

"हो," मी म्हटलं.

तिने लिहिलं. दादांना कोरा चहा मिळाला, मग पेज. संध्याकाळी पोट टम्म फुगलं, उलट्या सुरू झाल्या, नाकातून नळी घालावी लागली. दादांनी तेव्हा माझाच हात धरला होता.

पण सांगायचं आहे ते पुढचं. डॉक्टर सिस्टरला सगळ्यांदेखत बोलले — पेशंटला स्वतः न विचारता लिहिलंच कसं? तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आणि मी? मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. आधी लाज होती म्हणावं, तर तेव्हा कसली लाज? घरचे काय म्हणतील याला भ्यायले, बस्स.

दोन दिवसांनी सकाळी दादा आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे म्हणाले, "सूनबाय, सरला गो वारा. त्या पोरीला सांग, लिव म्हनावं." शेजारच्या खाटांवरचे टाके सांभाळत हसले. मीही हसले — आणि रडले. मला ज्याची एवढी लाज, त्याची त्यांना काडीची नव्हती.

आता दादा ठणठणीत आहेत. भाकरी-सुकट खातात, नाक्यापर्यंत चालत जातात. सोमवारी तपासणी आहे. ती सिस्टर अजून त्याच मजल्यावर असते, मी फोन करून विचारलं. दादांसमोरच तिला सांगणार आहे — मी त्यांना विचारलंच नव्हतं. तू ओरडा खाल्लास तो माझा होता.