आधी पासंग बघा

माझं मनगट मोडलं ते घराच्या पायरीवर. हे पहिल्याच वाक्यात सांगून ठेवते, कारण पुढं आमच्या घरात जे रामायण घडलं, त्यात एवढी साधी गोष्ट सगळे सोयीस्करपणे विसरले. पायरी नुकतीच धुतली होती, मी दुधाच्या पिशव्या उचलायला वाकले, पाय सरकला आणि हातावर पडले. मोपेड तेव्हा चार हात लांब, स्टँडवर उभी होती. तिचा यात काहीएक संबंध नव्हता. तरीही मी प्लास्टर घालून घरी आले तेव्हा मुलानं पहिलं काम काय केलं असेल, तर मोपेडची किल्ली खिळ्यावरून काढून स्वतःच्या ऑफिसच्या बॅगेत टाकली.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. आम्ही मल्लेश्वरमला राहायचो. माझं माहेर आणि सासर दोन्ही पिढ्यानपिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मी बावन्न वर्षांची होते आणि मुलींच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. आमचे हे कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते, मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. मोपेड माझी होती. अकरा वर्षं मी तिच्यावरून शाळेत गेले, मार्गोसा रोडच्या झाडांखालून, पदर कमरेला खोचून, पुढच्या बास्केटमध्ये वह्यांचा गठ्ठा ठेवून. घरात माझ्या एकटीच्या मालकीच्या फार वस्तू नव्हत्या. ती होती.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हाडांची तपासणी करून घ्यायला सांगितलं. टेबलावर झोपवून वरून यंत्र फिरवलं आणि एक कागद हातात दिला. त्यावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे होते आणि माझा ठिपका लाल पट्ट्यात जाऊन बसला होता. नर्सबाई कागद बघून म्हणाल्या, "मूळे सवेत, अम्मा." कन्नडमध्ये याचा अर्थ हाडांची झीज. सोबत साताऱ्याची माझी मामेबहीण होती. ती सुट्टीत आमच्याकडे आलेली, कन्नडचा गंध नाही. रिक्षात ती मला अगदी चिकटून बसली. मग माझा चांगला हात धरून हळूच म्हणाली, "तुझ्या मुळावर सवत आली? या वयात? भावोजी तसे वाटत नाहीत गं!"

मी इतकी हसले की रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या आजाराला सवत हेच नाव पडलं.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मात्र हसू पळालं. माझ्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मुलगा. डॉक्टर कन्नडिगा, माझ्याच वयाचे, माणूस वाईट नव्हे. पण त्यांनी तपासलं मला आणि बोलले यांच्याशी. हार्मोनची गोळी सुरू करू म्हणाले. पाळी लवकर गेलेल्या बायकांना ती फार चांगली. हाडांना चांगली, हृदयाला चांगली, शिवाय कांतीही छान राहते. आणि अम्मांना जड उचलू देऊ नका, वाकू देऊ नका, गाडी तर नकोच. हे मान डोलावत होते. मुलगा लिहून घेत होता. हाडं माझी, आणि मी तिथं भाजीच्या पिशवीसारखी मधोमध ठेवलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात मला टेबलावरचं कॅलेंडर दिसलं. त्यावर त्याच गोळीचं नाव होतं. पेन ठेवायच्या डब्यावरही तेच होतं, आणि डॉक्टर ज्या पेननं चिठ्ठी लिहीत होते त्या पेनवरसुद्धा.

मला माझे वडील आठवले. चिक्कपेटेत त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. दुकान उघडलं की पहिल्या गिऱ्हाइकासमोर ते रिकामा तराजू उचलून धरायचे. दांडी एका अंगाला झुकत असेल तर हलक्या पारड्याच्या तळाला मेणाचा बारीकसा गोळा चिकटवायचे. रिकाम्या तराजूच्या या झुकण्याला पासंग म्हणतात. कापरासारखी हलकी वस्तू तोलायची तर एवढासा पासंगही गिऱ्हाइकाला फसवतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "असू दे अण्णा, तुमच्यावर विश्वास आहे." वडील म्हणायचे, "माझ्यावर ठेवा. तराजूवर नको." मला गणिताची गोडी लागली ती त्या दुकानात.

इथं मला सगळे तोलून दाखवत होते. रिकामा तराजू कुणीच उचलून दाखवला नव्हता.

"डॉक्टर, हे कॅलेंडर कुणी दिलं?" मी कन्नडमध्ये विचारलं.

यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबला. मी पाय काढून घेतला.

"कंपनीवाले देतात, अम्मा. सगळ्यांनाच देतात."

"सरी, ठीक आहे. आणि माझ्या थोरल्या बहिणीबद्दल तुम्ही विचारलंत का?"

"बहिणीचं काय?"

"स्तनाच्या कॅन्सरनं गेली. माझ्याहून लहान वयात."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली. "हे आधी सांगायचं, अम्मा. मग ही गोळी तुम्हाला नको."

"आधी विचारायचं," मी म्हणाले. "तुम्ही यांच्याशी बोलत होतात. यांना सांगायचं सुचलं नाही." मग दोघांकडे वळून मी म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

दोघंही इतके गोंधळले की खरोखरच बाहेर जाऊन बसले.

डॉक्टर चिडले असतील असं मला वाटलं होतं. थोडे चिडलेही असतील. पण त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि दुसऱ्या एका गोळीबद्दल सांगायला लागले. ही हार्मोनची नव्हती. बाजारात नवीच आली होती. सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, कॉफीसुद्धा नाही. आणि त्या अर्ध्या तासात आडवं व्हायचं नाही, सरळ राहायचं. नाहीतर गोळी अन्ननलिकेत रेंगाळते आणि तिथं जखम करते.

"मला आम्लपित्त आहे," मी म्हणाले.

"मग जपून. छातीत जळजळ वाढली, गिळताना दुखलं, तर त्याच दिवशी बंद करायची आणि माझ्याकडे यायचं."

"आणि फायदा?"

"हाड मोडायचा धोका पुष्कळ कमी होतो."

"पुष्कळ म्हणजे किती? माझ्या वर्गात 'पुष्कळ' असं उत्तर लिहिलं तर शून्य मिळतं. गोळी न घेता माझ्यासारख्या शंभर जणींपैकी किती जणींचं हाड मोडतं, आणि घेऊन किती जणींचं?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड मासिक काढलं आणि कोऱ्या कागदावर आकडे मांडले. ते आकडे इथं देत नाही, आता ते जुने झाले असतील. पण एवढं कळलं की एकदा हाड मोडलेल्या बाईला गोळीचा उपयोग जास्त, आणि माझं एकदा मोडलं होतं. हेही कळलं की ते सगळं परदेशातल्या उंच, गोऱ्या बायकांवर तपासलेलं होतं. नाचणीचे रागीमुद्दे खाणाऱ्या आमच्याकडच्या बायकांना कुणी काही विचारलेलं नव्हतं.

"आणि खूप वर्षं घेतली तर पुढं काय होतं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गोत्तिल्ला, अम्मा," ते म्हणाले. माहीत नाही. "गोळीच नवी आहे, मला कसं माहीत असणार?"

त्या एका शब्दावर माझा त्या माणसावर विश्वास बसला. पहिल्या गोळीबद्दल त्यांनी सांगितलेलं सगळं त्या कॅलेंडरवरून वाचल्यासारखं होतं.

घरी मात्र वेगळीच आघाडी उघडलेली होती. दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसातून इंटरनेटवरच्या कागदांचा हा एवढा गठ्ठा छापून घेऊन आला. त्यात पिवळ्या शाईनं रेघा मारलेल्या होत्या, आणि सगळ्या रेघा दुष्परिणामांच्याच खाली.

"आई, ही गोळी अजिबात घ्यायची नाही. अन्ननलिकेला भोक पडलं तर?"

"डॉक्टर देतायत तर मुकाट्यानं घ्यायची," हे म्हणाले. "वकिली करायची नाही."

घ्यावी की न घ्यावी यावर बापलेक तासभर भांडले. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. मोपेड विकायची. शाळेत रिक्षानं जायचं. शक्य तर शाळाच सोडायची.

"सवत घरात आली म्हणून मी घराबाहेर पडायचं नाही का?" मी म्हणाले.

"पडायचंच नाही, म्हणून तर सांगतोय," मुलगा म्हणाला. त्याला वाटलं फार छान बोलला.

"मी मोपेडवरून पडले नाही. घराच्या पायरीवर पडले. लपवायचीच असेल तर घराची किल्ली लपव!"

 किल्ली तरीही मिळाली नाही.

आता खरं सांगायचं तर तराजू माझाही सरळ नव्हता. माझी आई म्हातारपणी न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. पुढची दोन वर्षं ती आमच्या घरी आतल्या खोलीत पलंगावर होती. तिचं सगळं मी केलं. जेवणाबद्दल तिनं कधी तक्रार केली नाही, दुखण्याबद्दलही फार नाही. तिचं एकच मागणं असायचं. "मला जरा सरळ बसव गं." मी पाठीशी उशा लावून तिला बसवायची, ती हळूहळू घसरायची, आणि अर्ध्या तासानं पुन्हा तीच हाक. त्या पलंगाची मला भीती वाटत होती, अजूनही वाटते. त्या भीतीपायी मी कुठलीही गोळी डोळे मिटून गिळली असती. आणि मोपेडच्या मायेपायी मला काहीच झालेलं नाही असंही बेलाशक म्हटलं असतं. हे दोन्ही बाजूला काढल्यावर जे उरलं ते मी दोन रविवार कागदावर मांडत बसले. एक वर्ष गोळी घ्यायची, छाती जळली तर त्याच दिवशी बंद. पायरीवर रबराची चटई. मोपेडवर हेल्मेट. मोपेड मात्र राहणार. पडायचा धोका होता, तो मला मान्य होता. पण कुणाच्या हाताला धरून शाळेत जायचं, हे मी माझ्या हातानं कधीच लिहिलं नसतं.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मुलगा घरी नव्हता. मी यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"अहो, मी माझं सगळं मांडलं. आता तुम्ही खरं सांगा. तुम्हाला माझी मोपेड का नको?"

यांनी पेपरची घडी घालून बाजूला ठेवली. "तुझ्या आईचं तू केलंस," ते म्हणाले. "तू तशी पडलीस तर तुझं कोण करणार? मला साधी कॉफी करता येत नाही."

सदतीस वर्षं कारखान्यात माणसं हाकलेला हा माणूस. त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला भरून आलं आणि त्याच वेळी रागही आला. म्हणजे इतके दिवस माझ्या हाडांच्या नावाखाली आम्ही यांची भीती तोलत होतो.

"मग शिका," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी स्वयंपाकघरात उभ्यानं पहिली गोळी घेतली, वर पेलाभर पाणी. यांनी लगबगीनं ताठ पाठीची खुर्ची आणून ठेवली. "बस. अर्धा तास सरळ." मुलगा घड्याळ बघत दारात उभा होता.

मी त्याच्यापुढं हात पसरला. "किल्ली."

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना..."

"डॉक्टरांनी सरळ बसायला सांगितलंय. मोपेडवर माणूस सरळच बसतो. वाकून कुणी चालवतं का?"

तो यांच्याकडे बघायला लागला. हे कॉफीचं डिकॉक्शन काढायचा फिल्टर उलटासुलटा करून त्याचं झाकण शोधत होते. "दे रे," ते मान वर न करता म्हणाले. मुलानं बॅगेतून किल्ली काढली आणि आत जाऊन स्वतःचं हेल्मेट आणलं. ते मला दोन बोटं मोठं होतं.

संपिगे रोड अजून रिकामा होता. आठव्या क्रॉसला फुलवाल्या टोपल्या उतरवत होत्या. मी सावकाश, डाव्या कडेनं, पाठ ताठ ठेवून चालले होते. हात मोडला होता तिथं हँडलचा हादरा लागत होता आणि भीतीही वाटत होती, ती नाकारत नाही. वळणावर हेल्मेट डोळ्यांवर आलं, ते मी वर ढकललं आणि त्याच्या आतल्या आत मोठ्यानं म्हणाले, "बघ गं आई, सरळ बसलेय."

परत आले तर हे पायरीवर, नव्या चटईवर उभे. हातात कॉफीचा लोटा. "पस्तीस मिनिटं झाली," ते म्हणाले. कॉफी पाणचट होती आणि निम्मी गार झाली होती. डिकॉक्शन उद्या दाट काढा असं सांगून मी ती त्याच पायरीवर उभ्यानं, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले.