बाकाकडे पाठ

सामना सुरू झाला की कसबेसरांची पाठ राखीव खेळाडूंच्या बाकाकडे असायची. ऊन असो, वारा असो, आपला संघ सडकून मार खात असो, माणूस एकदा तरी मान वळवून मागे बघेल तर शपथ. बाकावरची चार-पाच पोरं बूट आवळून, पोटऱ्या चोळत तयार बसायची आणि संध्याकाळी सरांची पाठ बघून घरी जायची. एकाचं तर बसून बसून पोट सुटलं, लग्न झालं, तरी आत जायची वेळ काही आली नाही.

आमच्या भागातल्या 'उगवता तारा' या फुटबॉल संघाचे ते वीसेक वर्षं मॅनेजर होते. मॅनेजर म्हणजे सगळंच. खेळ शिकवायचे तेच आणि गोलची फाटकी जाळी मांडीवर घेऊन शिवायचे तेच. नोकरी सरकारी कचेरीत, शिकवलं कुठल्याच शाळेत नाही, तरी अख्खा भाग त्यांना सर म्हणायचा. बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी, मनीषा, लग्न होऊन पुण्याला. उरला तो संघ.

सोलापुरात क्रिकेटला गर्दी असते, फुटबॉलला आम्ही असायचो. पण भांडण मात्र आमचं दहा जणांचं शंभरासारखं. सामना संपला की मैदानालगतच्या रफिकभाईच्या कँटीनमध्ये पहिला चहा यायच्या आत अंबादास सुरू करायचा. टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करणारा हा अंबादास तरुणपणी सरांच्याच हाताखाली खेळलेला.

"कसला मॅनेजर बे ह्यो? सुन्याच्या पायात गोळा आलता. लंगडताना आंधळ्यालाबी दिसत हुतं. बदल की त्याला! न्हाय. ह्येंची आपली पाठच."

"तोच सुन्या पिऊन पडायचा तवा त्याला घरातनं उचलून मैदानावर कुनी आनलं?" रफिकभाई गाळणी आपटत विचारायचा.

"आनलं की. मी कुटं न्हाय म्हंतो? म्हून काय मरूस्तोवर खेळवायचं का?"

माझं कँटीनशेजारी वह्या-पेनांचं दुकान. मला चेंडूला लाथ घालता येत नाही, पण मत भरपूर. आणि खरं सांगायचं तर ते चहाच्या दर कपाला बदलायचं. अंबादास बोलला की वाटे, बरोबर आहे, या माणसानं दोन अंतिम सामने हातचे घालवले. रफिकभाई बोलला की वाटे, हेही बरोबर. दुसऱ्या संघांतून पोरं फुटतात, इथून एकही कधी गेला नाही. गोलकीपरची आई दवाखान्यात होती तेव्हा पाळीपाळीनं डबा नेणारे अकराच्या अकरा खेळाडू होते, आणि त्यांच्या पाळ्या लावणारे सर.

एकदा मी सरळ त्यांनाच विचारलं, खेळाडू का बदलत नाही म्हणून. जाळी शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "मैदानात उतरवला म्हंजे उतरवला. त्याच्या घरची आल्यात बघायला. त्यांच्यासमोर त्याला माघारी बोलवायचं? माज्यानं न्हाय हुनार."

"आणि बाकावर बसलेल्यांचं काय, सर?"

"त्यास्नी अजून कुनी नको म्हनल्यालं न्हाय की."

वैताग यायचा त्यांचा. हरण्याला इतकं गोड कारण असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मागची गोष्ट मला रफिकभाईनं सांगितली. सर पोरवयात याच मैदानावर खेळत होते. वडील गिरणीत. लेकाचा खेळ बघायला एकदाच रजा टाकून आले, धुतलेला सदरा घालून कुंपणाच्या तारेपाशी उभे राहिले. आणि नेमकं त्या दिवशी मॅनेजरनं कसबेला मध्यंतराच्या आधीच बाहेर बोलावलं. मैदानाचा एवढा मोठा पट्टा एकट्यानं चालत सर बाहेर आले तोवर वडील निघून गेले होते. घरी गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "काय चुकलं रे तुजं?" पुन्हा ते कधी मैदानावर आले नाहीत.

अंबादासला हे ठाऊक होतं. "वाईट वाटतंय की," तो म्हणायचा. "पन आमी किती वर्सं हारायचं त्यापायी?"

आणि आम्ही हरतच गेलो. बाकीच्या संघांची पोरं शिकलेल्या कोचकडून तयार होऊन यायला लागली. आमचे सर तेच, डाव तोच, अकरा जण तेच, फक्त दमलेले. शेवटी गोष्ट एका सामन्यावर आली. टेंभुर्णीच्या संघाशी हरलो तर पहिल्या गटातून खाली. खाली गेलेला संघ टिकत नाही, हे आम्ही दुसऱ्यांचं बघितलं होतं. संघाच्या कमिटीनं आदल्या दिवशी ठरवलं, मध्यंतराला मागे असलो तर संघ अंबादासनं हातात घ्यायचा. सरांना सांगायची हिंमत एकालाही झाली नाही.

मध्यंतराला एक गोल मागे होतो. अंबादास कडेकडेनं सरांपाशी गेला.

"सर, तुमी बसा आता जरा."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग कमिटीच्या खुर्च्यांकडे. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ते बाकाकडे वळले. राखीव पोरांनी सरकून जागा केली. सर कडेला बसले, हात गुडघ्यांवर ठेवून.

अंबादासनं तीन खेळाडू बदलले. पहिला सुन्याच. तो मान खाली घालून निघाला तसे सर उठले, रेषेपर्यंत गेले आणि त्याचा हात धरून सगळ्यांसमोरून त्याला बाकापर्यंत घेऊन आले. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्यालाही. त्या लांब पट्ट्यावरून एकालाही त्यांनी एकट्याला चालू दिलं नाही.

आम्ही हरलो. बदल करून हरलो, आणखी दोन गोल खाऊन. मैदान रिकामं झालं, पोरं रडत गेली, कमिटी खुर्च्या सोडून पांगली. सर बाकावरच होते. त्यांचा हात धरून उठवायला त्या दिवशी आमच्यातलं कुणीही पुढे झालं नाही, कारण त्यांच्या तोंडाकडे बघायचं कसं, हेच कळत नव्हतं.

संघ महिन्याभरात विस्कटला. सरांनी संघ सोडला म्हटल्यावर पोरांना थांबायला कारणच उरलं नाही. मी, रफिकभाई आणि अंबादास त्यांच्या घरी गेलो तर अंबादास उंबऱ्याबाहेरच उभा.

"ये की बे आत," सर म्हणाले. "तुजं काय चुकलं न्हाय. बदलायलाच पायजे हुतं कुनीतरी."

चहा त्यांनीच केला. इकडचं तिकडचं झालं. मग कप खाली ठेवत सहज सांगावं तसं म्हणाले, "मनी आलती त्या दिवशी. पुण्याहनं. न सांगता. जावई, नातू, समदी. तारेपाशी हुती हुबी."

सर आमचे रिकामे कप गोळा करायला लागले.

"घरी आल्यावर इचारलं तिनं, बाबा, मधीच का बसलात? म्हनलं, गुडगा दुकत हुता."

ते पुन्हा मैदानावर आले नाहीत. उन्हाळ्यात, दुपारी झोपेतच गेले. मैदानावर त्या वेळी कुठलंसं प्रदर्शन लागलं होतं आणि गोलच्या खांबांना जाहिरातींचे फलक बांधले होते.

जलदान विधीला सगळे जुने खेळाडू आले. वंदना झाली, जेवणं झाली. आम्ही तिघं निघालो तेव्हा मनीषा दारापर्यंत आली. डोळे सुजलेले.

"काका, एक विचारू? मी आले होते त्या दिवशी बाबा मधेच बाकावर जाऊन बसले. गुडघा दुखतोय म्हणाले. पण नंतर त्या तीन मुलांना आणायला तेच उठून उठून जात होते. खरंच दुखत होता का हो?"

रफिकभाईनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

अंबादास पुढे झाला.

"लई दुकत हुता, ताई," तो म्हणाला. "उभं ऱ्हावत नव्हतं त्यास्नी. मीच म्हनलं, सर, तुमी बसा आता जरा."