कानामागचे वळ आणि चपलांची रांग

नगरच्या तारकपूर स्थानकातून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा तोंडावर दोन मास्क होते, एकावर एक. नियम म्हणजे नियम! करोनाच्या त्या वर्षी हनुवटीवर मास्क लटकवणाऱ्यांशी मी रोज भांडत असे. शहरात लस मिळेना, म्हणून देवळाली प्रवराजवळच्या एका गावातली वेळ मोबाईलवर घेतली होती.

राहुरी येईपर्यंत कानांमागे आग होऊ लागली. चष्म्यावर वाफ धरली, गालांवर घामोळं चरचरू लागलं. खिडकीबाहेर नुसता हिरवा पट्टा दिसे. तो ऊस असावा. त्या नादात एक फाटा अलीकडेच उतरले आणि उसाच्या कडेकडेने चालत लसीकरण केंद्राची शाळा गाठली.

रांगेत माझ्यापुढे धोतरातले एक आबा होते.

"नगरच्या लशी सरल्या व्हय?"

"मिळतच नाहीत, आबा."

"मंग घ्या आमच्या. आमच्या उसाची साखर बी तुमीच खाता."

रांग हसली. मीही.

आम्ही वर्गाच्या दारात पोहोचलो तेव्हा आत लस देणाऱ्या सिस्टर दिसल्या; छातीवरच्या पट्टीवर 'रूथ' असं नाव होतं. एकट्याच टोचत होत्या. मास्कच्या इलॅस्टिकने कानांमागची कातडी सोलून निघाली होती, नाकावर लालबुंद चट्टा. सकाळपासून पाण्याचा घोट नाही. सुई उचलता उचलता त्यांनी एकदम टेबल धरलं.

"सिस्टर, थांबा जरा!"

"कुपी फोडलीय, ताई. वेळेत संपली नाही तर उरलेले डोस फेकावे लागतील. आणि एवढ्या माणसांत मास्क काढू कसा?"

माझं डोकं भडकलं. एका बाईच्या जिवावर अख्खं केंद्र सोडणाऱ्यांविरुद्ध मी तिथेच भाषण सुरू केलं.

"भाशन मागून," आबा म्हणाले. "मळणीच्या बैलाचं बी तोंडाला बांधलेलं मुसकं सोडून पानी पाजतो आमी. चला रं, समदे चिचंखाली. नंबराला चपला ठिवा."

"माजी चप्पल कुनी मागं सरकवली तर बघा!" एक मावशी गरजल्या, आणि सगळ्यांच्या आधी निघाल्या.

जागेवर चपला सोडून आम्ही तापल्या मैदानातून अनवाणी चिंचेखाली गेलो. लांबून खिडकीत सिस्टर दिसल्या, मास्कविना. दोन्ही गालांवर आडवे वळ. माझ्याच वयाच्या होत्या त्या. घटाघटा पाणी प्यायल्या, तोंड धुतलं, मग नुसत्या श्वास घेत उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने नवा मास्क लावून त्यांनी हाक दिली, "या!"

कुपी वेळेत संपली. तिच्यातला शेवटचा डोस मला मिळाला.

परतीच्या एसटीत कान तसेच ठणकत होते. मास्क लावायलाच हवा, हे माझं मत आजही कायम आहे. आणि दर केंद्रावर दोन परिचारिका हव्यात, त्यांना मोकळा श्वास घ्यायला एक खोली हवी, ही मागणीही मी सोडणार नाही. त्या दिवशी ती खोली गावाने पायांना चटके सोसून दिली. त्याच गावाच्या वाट्याची लस माझ्या दंडात होती; नगर येईपर्यंत मी तो दंड दुसऱ्या हाताने जपून धरला होता.